विमान वर राहतं कसं, याचा न लागलेला पत्ता

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं सांग. मागे "बरे आहेत" म्हणालीस आणि भाचीकडून कळलं की तू जिना बसून उतरतेस.) आम्ही इकडे ठीक. हिची कंबर अधूनमधून बोलते, आणि माझं तोंड कायम बोलतं, असं तिचं म्हणणं. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला तुझं नुसतं कपाळ आणि त्याच्यावरचा पंखा दिसतो. तो पंखा डुगडुगतोय हं. पात्याचा स्क्रू ढिला आहे. कुणाला तरी सांगून आवळून घे, तोवर त्याच्याखाली बसू नकोस.

तर मुद्दा असा. तू अट घातलीस की मी पंखेवाला, हवा हा माझा धंदा, तेव्हा एवढं जड विमान वर कसं राहतं ते मी पटवून दिलं तरच तू त्यात बसून इकडे येणार. ताई, आपण समोरासमोर बसलो तेव्हा तुझा नातू रांगत होता, आता तो दाढी करतो. मधे समुद्र. मी चौकशी केली, तर जहाजं आता माणसं नेत नाहीत, नुसती खोकी नेतात. म्हणजे तू विमानात बसल्याशिवाय आपली भेट नाही. म्हणून मी छातीठोकपणे सांगून बसलो, समजावतो म्हणून. त्यानंतर इतक्यांना विचारलं की आधी जेवढं कळत होतं तेवढंही आता कळेनासं झालंय.

पहिल्यांदा गेलो दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे. विज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी कागदाची पट्टी ओठांखाली धरली आणि वरून फुंकर मारली, तर लोंबणारी पट्टी अलगद वर उठली! म्हणाले, विमानाच्या पंखावरून हवा जोरात जाते, त्यामुळे तिथला दाब कमी होतो, आणि खालची हवा पंखाला वर उचलते. झालं, मी खूश. पण जिना उतरताना मनात आलं, ती कसरतीची विमानं तर उलटी होऊनही उडतात! मग ती जमिनीत का घुसत नाहीत? पुन्हा जिना चढून विचारलं. मास्तर टॉवेल उचलून आंघोळीला निघून गेले. (दुपारी चारला, ताई. सकाळची आंघोळ तर कधीच झालेली होती.)

मग जनावरांचे डॉक्टर टेबलफॅन दुरुस्तीला घेऊन आले. मी सहज पक्ष्यांचं विचारलं, आणि माणूस सुटलाच. पक्ष्यांची हाडं पोकळ, छातीचे स्नायू दणकट. पंख खाली मारला की हवा खाली आणि पक्षी वर. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच, बोटांमधे कातडं ताणलेलं. माशी तर पंख पुढे-मागे हलवते आणि दर खेपेला तो उलटवते. पण सार एकच म्हणे, हवा खाली ढकला आणि आपण वर जा. मी म्हटलं, मग घारीचं काय? ती तर पंख हलवायचे कष्टसुद्धा घेत नाही. डॉक्टर म्हणाले, घार खरं तर पडतच असते, फक्त ज्या हवेत ती पडते ती हवा त्याहून वेगाने वर चाललेली असते. (हे तुला लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. "पडतच असते" एवढंच लक्षात ठेवायची तुझी खोड मला ठाऊक आहे.)

पण "हवा खाली ढकला" म्हटल्याबरोबर माझी ट्यूब पेटली. छताचा पंखा दुसरं काय करतो? जन्मभर पंखे टांगले, प्रत्येक हूक तपासला तो पंखा खाली येऊ नये म्हणून. तो बिचारा वर जायला बघत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही! शेजारच्या भंगारवाल्याचा वजनाचा टांगता काटा आणला, दुकानाच्या तुळईला अडकवला आणि त्याला दुरुस्त करून ठेवलेला एक पंखा लटकवला. बटण दाबलं. पंख्याने वेग घेतला आणि काट्यावर वजन उतरायला लागलं! डॉक्टरांनी टाळ्या पिटल्या. आरडाओरडा ऐकून मास्तर खाली आले, आणि दोघांची जुंपली. एक म्हणे दाब, दुसरा म्हणे ढकल. या गडबडीत मी एक गोष्ट विसरलो, जी माझ्या हाताखाली शिकणारासुद्धा विसरत नाही. पंख्याचा दांडा वर पक्का आवळलेला नसेल तर पाती एकीकडे फिरतात आणि दांडा उलटीकडे. काट्याच्या हुकाला काय आवळणार! वायर दोरीसारखी पिळवटली, तुटली, ठिणगी उडाली, दिवे गेले, आणि काळोखात पंखा हुकातून निसटून धाडकन खोक्यांच्या ढिगावर आला. पाती वाकली. पंखा मास्तरांचा होता.

आणि त्या काळोखात दोघेही मला काय सांगतात, तर दाब काय नि ढकल काय, गोष्ट एकच! मग इतका वेळ भांडत कशाला होतात, म्हटलं. यावर मास्तर काळोखात आपली पाती चाचपायला लागले.

घरी येऊन हिला सांगितलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, पंख्याचं पातं गोल जातं, विमानाचं सरळ जातं, तिरपं तर दोन्ही असतं, त्यात एवढं काय! ताई, शपथ सांगतो, मला सगळं कळलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत कळलेलं राहिलंसुद्धा. मग हात धुताना वाटलं, वीज गेली की पंखा थांबतो, पण तो निदान टांगलेला असतो. विमान कशाला टांगलंय? तिथून पुन्हा सगळा घोळ.

तेव्हा पटवून देणं काही माझ्याच्याने होत नाही. तू अट मागे घेणार नाहीस, हेही मला माहीत आहे. भाचीला आशीर्वाद, नातवाला गालगुच्चा (दाढी सांभाळून).

तुझा,
गोंधळलेला धाकटा

ता.क. : तू येत नाहीस म्हटल्यावर मीच तिकीट काढलंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो. घाबरलोय, लपवत नाही. तिकीट हातात आल्यापासून अन्न गोड लागत नाही. पण मला तुला बघायचंय, ताई. बास.

आणखी एक ता.क. : पत्र वाचून ही म्हणते, वर कसं राहतं ते राहू द्या, खाली कसं उतरतं ते विचारलंत का कुणाला? नाही विचारलं! ते हवेत ठेवायच्या नादात उतरवायचं राहूनच गेलं. आता मास्तर दार उघडत नाहीत आणि डॉक्टर कुठल्याशा म्हशीकडे गेलेत. तूही कुणाला विचारू नकोस, नवा शहाणा नवी दोन कारणं सांगेल. तू फक्त एवढं कर. भाचीला गाडी काढायला सांग आणि विमानतळावर ये. तू खाली उभी आहेस एवढं कळलं की मी कसाही उतरेन.