आईला विचारायचा प्रश्न

४ मार्च
आई काल वाडीवरून जीपनं रामनगरला माझ्याकडं आली. आज केमोसाठी बेळगाव. निघताना तिच्या शेजारणीचा, यशोदावैनीचा फोन. आईनं म्हणे बियाण्याचे सगळे कंद घरोघर वाटले. वैनी नुसतं कौतुक करत होती. मलाही बरं वाटलं. कॅन्सरचं कळल्यापासून म्हातारी तोंड शिवून बसली होती. चला, माणसांत आली.

५ मार्च
काल बेळगावहून आल्यावर लिहायला हात वळला नाही.
दवाखान्यात हल्ली सिस्टर प्रत्येक पेशंटला मनाचंही विचारतात. जगणं नको वाटतं का, असं थेट. आई म्हणाली, "देवानं न्यावं आता." मी हसून सांगितलं, आमच्याकडं सगळ्याच म्हाताऱ्या असं म्हणतात. वर बढाई मारली, उलट ती खुशीत आहे, बी वाटलं बघा सगळं.
सिस्टर शहरातली. तिनं सहज विचारलं, "मग यंदा त्या काय लावणार?"
मी वळून आईकडं बघितलं. आपली लावणी झाल्याशिवाय घरचं बी बाहेर द्यायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं.
मला बाहेर बसवलं. नंतर सिस्टर म्हणाली, आईनं कबूल केलं. जीव द्यायचं मनात होतं. मला नाही सांगितलं, परक्या बाईला सांगितलं. आधी रागच आला. मग जिन्यात बसून रडले.

७ मार्च
मनाच्या डॉक्टरांचं सांगणं: सगळी औषधं माझ्याकडं, आईला एकटं सोडायचं नाही, आणि रोज विचारायचं. स्पष्ट शब्दांत. विचारल्यानं तसलं काही डोक्यात भरत नाही, ओझं उतरतं म्हणे. म्हणे! त्यांना बोलायला काय जातंय. मी आईला 'जेवलीस का' याच्यापुढं कधी काही विचारलेलं नाही. आज दोनदा ओठावर आलं नि गिळलं.

९ मार्च
आई तडकली. "राखण बसवलीस व्हय माझ्यावर? म्हशीला तरी रानात सोडत्यात." खरंच, न्हाणीच्या दारापर्यंत जाते तिच्यामागं. ह्यांनी समजूत घातली, तर म्हणाली, "पोरीचा संसार खातोय मी." जिनं मला वाढवलं तिला माझ्या घरात आपली अडचण वाटावी. आणि मी नुसती दाराशी उभी.

१२ मार्च
विचारलं. शेंगा सोलताना, तिच्याकडं न बघता. आई, जीव द्यायचं आज मनात आलं का?
तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.
"आलं," म्हणाली.
पुढं काय बोलायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. सरकून तिला चिकटून बसले. सिस्टरला फोन करायचा होता, पण उठवेना. तीही सरकली नाही.
मग हळूच, "सुमे, उद्या इचारशील न्हवं?"
मी मान डोलावली.