साच्यात अडकलेली पुंगळी

लुईसटाउन, मोंटाना
२४ सप्टेंबर

आज सकाळी गवतावर दहिवर होते. टोमॅटो उतरवले, बहुतेक हिरवेच. दुपारी गॅरेजमध्ये बसलो. कोणी आले नाही. संध्याकाळी गिल्मनला पत्र लिहिले, ते इथे उतरवून ठेवतो.

प्रिय गिल्मन यांस,

नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल आणि बर्निसवहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. माझे बरे चालले आहे. जेवतो, झोपतो (झोपतो हे शिष्टाचार म्हणून लिहिले आहे).

ऑगस्टमध्ये तुम्ही फोनवर म्हणालात, अर्डिसच नाही तर यंदा एल्क हरणांच्या शिकारीला इकडे यायचे मन होत नाही. मी ‘बरं’ म्हणालो. फोनवर मला तेवढेच सुचते. तुमचा निर्णय योग्य आहे आणि हे पत्र त्याबद्दल नाही. ते एका पितळी पुंगळीबद्दल आहे.

तुमची बहीण झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कॉफीच्या डब्यात साठवायची आणि सप्टेंबर लागला की काडतुसे पुन्हा भरायच्या प्रेसपाशी बसून एकेक साच्यात दाबून मापात आणायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी जन्मभर भूगोल शिकवला. बंदूक हातात धरली ती फक्त अर्डिसचे बूट घालून होईपर्यंत. पण यंदा सप्टेंबर लागला आणि डबा होता तिथेच राहिला. गाडी लावताना रोज दिसायचा. शेवटी सोमवारी मी तिच्या स्टुलावर बसलो.

साच्यात घालण्याआधी पुंगळीला बोटाने वंगण चोळतात, एवढे मला माहीत होते. ते वंगण मात्र सापडेना. शेल्फ पाहिले, खण पाहिले, ती चष्मा ठेवायची तो जुना मोजासुद्धा पाहिला. मग वाटले, तेलकट काहीही चालेल, आणि स्वयंपाकघरातले हाताला लावायचे क्रीम आणले (गुलाबाचे). पहिली पुंगळी छान आत गेली. बाहेर येईना. मी प्रेसचा दांडा ओढला, आधी बसून, मग उभा राहून. पुंगळीच्या बुडाची कडा फाटली, पुंगळी साच्यातच राहिली आणि मी स्टुलासकट रिकाम्या बरण्यांच्या खोक्यात गेलो.

आवाज ऐकून शेजारचा लोवेल आला (आवाज नसला तरी तो येतो). त्याने साच्याचा वास घेतला.

“हार्लन, अरे काय चोळलंस हे?”

मी सांगितले.

“पितळ आहे ते बाबा, बाळाचे गाल नव्हेत! आणि अर्डिसची मेणाची डबी कुठे गेली? चपटी, पांढरी, नाव पुसलेली?”

ती डबी माझ्या उशाशी होती. दर सप्टेंबरात अर्डिस गॅरेजमधून आत आली की तिच्या बोटांना त्या मेणाचा वास यायचा. पितळेने हात खरखरीत होतात म्हणून काही मलम लावत असेल, असे मी लग्न झाल्यापासून समजत आलो. कधी विचारले नाही. एप्रिलमध्ये, तिच्या अंत्यविधीनंतर सगळे पांगल्यावर, ती डबी तिच्या कोटाच्या खिशात मिळाली आणि मी रोज झोपताना थोडे लावू लागलो. गेल्या आठवड्यात ती संपली. म्हणजे सारा उन्हाळा मी स्वतःला पुंगळीचे वंगण चोळत होतो.

हे लोवेलला सांगावे लागले. तो इतका हसला की त्याला स्टूल द्यावे लागले. “चला, म्हणजे तू तरी कुठे अडकणार नाहीस,” म्हणाला. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. (हात मात्र मऊ राहिले आहेत, हे कबूल केले पाहिजे.)

जाताना त्याने सांगितले, या पुंगळ्या अर्डिसच्या बंदुकीत फुगून तिच्याच मापाच्या झाल्या आहेत. ती फक्त त्यांच्या तोंडाकडच्या माना आवळायची. “दुसऱ्या कुणाच्या बंदुकीत या शिरायच्याही नाहीत बघ.”

तर विनंती अशी. अडकलेली पुंगळी ओढून काढायचे हत्यार तुमच्याकडे आहे, असे अर्डिस म्हणायची. ते टपालाने पाठवाल का? वहिनींना नमस्कार.

आपला,
हार्लन

ता. क. टपालात अशा वस्तू हरवतात. कधी या बाजूला येणे झाले तर सोबतच आणा. (तुमच्या मिनोटहून या बाजूला कुणाचे काही काम निघत नाही, याची कल्पना आहे.)

आणखी ता. क. अडकलेली पुंगळी लोवेलने मंगळवारीच काढली. बुडाला भोक पाडले, स्क्रू पिळला आणि ओढली. हत्यार नको आहे. बाकीच्या सगळ्या मी त्याने दिलेले मेण लावून दाबल्या आणि पुसून ठेवल्या आहेत. त्यांत दारू भरणे मला जमणार नाही, आणि त्या जिच्यात चालतील ती बंदूक इथेच आहे. तुमच्या खोलीतल्या पलंगावर जाड पांघरूण घातले आहे. शिकारीला गेला नाहीत तरी चालेल. या.

लोवेल त्याची मेणाची डबी परत न्यायची विसरला, हे पत्रात लिहिले नाही. मीही आठवण केली नाही. आता पाकिटाला तिकीट लावतो, भांडी विसळतो, हात पुसतो आणि थोडे लावतो.