पोपटी दोरी, काळी दोरी

८ जानेवारी २०१७, रविवार

तो आजही होता. सलग तिसरा रविवार!

मी कालवं काढायला खडकांवर उतरले तेव्हा गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा. पंचेचाळिशीचा असेल. पांढरा शर्ट, पँट वर दुमडलेली. हातात लांब, बारीक, लवलवती काठी. आपल्याकडे गळ टाकतात तसा टाकत नाही. दोरी डोक्यावरून मागे नेतो, पुढे सोडतो, पुन्हा मागे — आणि मग पाण्यावर अलगद ठेवतो. दोरी पोपटी रंगाची, तरंगते. थोड्या वेळाने काठी काखेत धरून त्याने फिरकी काढली, दुसरी बसवली. हिची दोरी काळी. ती बुडते. ती बुडत असताना तो मोजत होता. मी ऐकलं — बारा, तेरा, चौदा. मग खिशातून वही काढली आणि लिहिलं.

मासे धरणारा माणूस आकडे कशाला लिहील?

९ जानेवारी

ह्यांना सांगितलं. हे दागिन्यांच्या साच्याचा डाय कोरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, असेल कोणी हौशी. मी म्हटलं, हौशी माणूस खोली मोजत नाही.

आमच्या वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या सर्वेची गाडी मागच्या महिन्यात आली, ती गावाने वेशीवरूनच परत पाठवली. गाडी परत गेली म्हणजे ते गप्प बसले असतील? एक माणूस पाठवायला काय लागतं. हातात काठी दिली की झालं.

हे म्हणाले, तू अंगणवाडीची रजिस्टरं भर.

१५ जानेवारी, रविवार

आज बोलले त्याच्याशी. कालवांची टोपली घेऊन मुद्दाम त्याच्या बाजूने गेले, विचारलं काय मिळतंय का. म्हणाला, "आज पाण्याला नुसतं भेटायला आलोय, ताई." आणि हसला. फार सरळ हसला. असं हसणाऱ्यांचीच भीती वाटते.

नाव जीवन. तलासरीच्या पुढे एका पाड्यावरचा, शाळेत विज्ञान शिकवतो म्हणे. काठीला रॉड म्हणायचं. लहानपणी घोलवडला चिकूच्या वाडीत बापाबरोबर कामाला जायचा. तिथल्या म्हाताऱ्या शेठने शिकवलं. शेठ मुलाकडे परदेशी गेला, जाताना रॉड ह्याला देऊन गेला. रॉड एक, फिरक्या दोन. गळाला खरं आमिष नाही — कोंबडीच्या पिसांचं, घरी बांधलेलं.

गोष्ट छान आहे. पाठ केल्यासारखी छान.

१६ जानेवारी

तलासरीहून इथे यायला दोन बस आणि वर रिक्षा. तिकडे धरण आहे, नदी आहे. मग आमचेच खडक का?

२२ जानेवारी, रविवार

आज शेजारीच जाऊन बसले. म्हटलं, मला शिकवा. लगेच तयार झाला. कोणी विचारायची वाटच बघत असल्यासारखा.

तो म्हणाला ते असं — दोन रॉड असते तर एकाला पोपटी, दुसऱ्याला काळी लावून ठेवली असती. एकच आहे म्हणून दोरी बदलावी लागते, आणि ती झटकन बदलता आली पाहिजे, कारण भरती कोणासाठी थांबत नाही. मासा वर फिरत असेल तर पोपटी, तळाशी गेला तर काळी. आधी तो दोरीचं बारीक टोक एकेका कडीतून ओवायचा. रॉडला नऊ कड्या. टोक बोटातून निसटलं की सगळी दोरी सुर्रकन खाली, परत पहिल्या कडीपासून. आता जाड दोरी दुमडून धरतो आणि ती दुमडच ओवतो. सुटली तरी शेवटच्या कडीत अडकून राहते. पुढे गळ असलेल्या बारीक दोरीलाही गाठ मारत बसत नाही. दोन्हीकडे फास तयार, एकात एक अडकवले की झालं. आणि फिरकी काढताना रॉड वाळूत टेकवायचा नाही, काखेत धरायचा.

मी केलं. मोबाईलवर वेळ लावली — चार मिनिटं. त्याला दीड लागतं. दुसऱ्या खेपेला मला तीन. खोटं कशाला लिहू, मजा आली. लग्नानंतर कोणी मला नवीन काही शिकवलं नव्हतं.

मग काळी दोरी कपारीत अडकली. तो सोडवायला पुढे गेला, आणि वही खडकावरच राहिली. मी उघडली.

"माशाच्या पाठीसारखा खडक. काळी. १९ पर्यंत मोजलं, तळ लागला. काही नाही."

पुढच्या पानावरही तसंच. काही नाही, काही नाही, तांब मासा एक, काही नाही. पण प्रत्येक खडकापुढे आकडा आहे. *तळ लागला.* तीनदा वाचलं मी.

२९ जानेवारी, रविवार

सरळ विचारलं, हे लिहिता कशाला? म्हणाला, विसरतो म्हणून. मी म्हटलं, शिक्षक आणि विसरता? तर म्हणे वर्गात मुलांना सांगतो, जे बघाल ते लिहा, म्हणून स्वतःही लिहितो. चार वर्षं झाली.

चार वर्षं! आणि मला सहाच रविवार माहीत होते.

आज त्याला हातभर जिताडा लागला. काळ्या दोरीवर. अर्धा तास खेळवला आणि शेवटी मला म्हणाला, घेऊन जा ताई, तुमच्या पाण्यातला आहे. रात्री कालवण केलं. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. मी माझी वाटीही त्यांच्याकडे सरकवली. देणारा माणूस काहीतरी घ्यायला आलेला असतो, असंच वाटत राहिलं.

३१ जानेवारी

भिकाकाकांकडे गेले. माझे चुलत सासरे, त्यांची होडी आहे, गावाच्या समितीत त्यांचा शब्द चालतो. सगळं सांगितलं — वही, आकडे, तळ. जिताड्याचं नाही सांगितलं. शिकले तेही नाही.

काकांनी एवढंच विचारलं, की मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं ना. हो म्हटलं. खरंच तर आहे. वाचलंय मी.

५ फेब्रुवारी, रविवार

पंधरा-वीस जण गेले खडकांवर. मी बायकांमध्ये मागे होते. जावं लागलं.

तो दोरी बदलत होता. फिरकी एका हातात, रॉड काखेत. इतकी माणसं येताना बघूनही आधी त्याने दुमड शेवटच्या कडीतून बाहेर काढली आणि मगच वळला. काकांनी वही मागितली. त्याने लगेच दिली, त्यात काय, असं म्हणून. काकांनी मोठ्याने वाचलं. एकोणीस. चौदा. बावीस. तळ लागला. प्रत्येक आकड्यानंतर लोक जास्त पुढे सरकले.

तो समजावत होता. दोरी किती वेळ बुडू द्यायची ते कळावं म्हणून मोजतो, बाकी काही नाही. कोणी म्हणालं, तलासरीचा माणूस इथे समुद्रावर कशाला येतो. कोणी म्हणालं, कोणाचा पगार खातोस. धक्काबुक्की नाही झाली. तेवढं खरं.

मग त्याला मी दिसले.

"ताई, तुम्ही सांगा ना ह्यांना. तुम्ही स्वतः दोरी बदलली आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी कालवांच्या टोपलीकडे बघत राहिले. काकांनी विचारलं, ओळखतेस? मी मान हलवली — नाही अशी.

वही कोणीतरी काकांच्या हातातून घेतली आणि पाण्यात भिरकावली. मागून काळ्या दोरीची फिरकीही. त्याने रॉडचे तुकडे वेगळे केले, पुसले, पिशवीत घातले. घाई केली नाही. माझ्याकडे पुन्हा बघितलंही नाही.

६ फेब्रुवारी

काकांनी घरी येऊन सांगितलं, संगिता, तुझ्यामुळे गाव वाचलं. ह्यांना केवढं बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

खडकांवर कोणी नव्हतं. मी कालवं न काढताच परत आले. गुन्हा पकडला गेला म्हणून येत नाही — का गुन्हा नव्हता म्हणून? अजूनही ठरवता येत नाही मला.

११ फेब्रुवारी २०१८, रविवार

वर्षभराने ही वही काढली आहे.

आज देवळासमोर सभा झाली. मुंबईहून एक वकीलबाई आल्या होत्या, गावाच्या बाजूने लढणाऱ्या. त्या म्हणाल्या, घोषणा पुष्कळ झाल्या, कागद दाखवा. ह्या खडकांत कुठला मासा कधी येतो, किती खोलीवर असतो, तारखेसकट कोणी लिहून ठेवलं आहे का? कोणीही असो, शिकलेला असो वा नसो, सलग काही वर्षांचं लिहिलेलं हवं.

भिकाकाका चपलेच्या टोकाने माती उकरत होते. शेवटी त्यांनी मान वर केली ती माझ्याच दिशेने.

त्यांनाही कळलं आहे तर.

१८ फेब्रुवारी, रविवार

तलासरीला गेले. एकटीच. ह्यांना म्हटलं अंगणवाडीचं काम आहे. हायवेवर उतरून विचारत विचारत त्याच्या पाड्यावर पोचले. "जीवन सर" म्हटलं की लहान पोरंसुद्धा घर दाखवतात. म्हणजे शिक्षक खराच होता.

तो अंगणात होता. ओळखलं लगेच. मला वाटलं हाकलून देईल. त्याने खाट टाकली. बायकोला, शुक्रीताईंना, सांगितलं, वाढवणच्या ताई आल्यात, चहा ठेव. शुक्रीताईंनी नागलीची भाकरीही वाढली. त्यांना काही माहीत नसावं. समुद्र कसा आहे, विचारत होत्या.

मी सगळं कबूल केलं. काकांना मी सांगितलं, ओळखत नाही म्हणून मान मीच हलवली. तो ऐकत होता, अधूनमधून हं म्हणत. मग वकीलबाईंचं सांगितलं आणि विचारलं, आठवतं तेवढं तरी पुन्हा लिहून द्याल का?

म्हणाला, आठवायची गरज नाही. खडकावरची वही कच्ची होती. घरी आल्यावर दर रविवारी तो पक्क्या वहीत उतरवायचा. चार वर्षांचं सगळं आहे.

मला रडूच आलं. मागितली. तर म्हणाला, आत्ता घरात नाही. फोन करतो. माझा नंबर लिहून घेतला, रस्त्यापर्यंत सोडायला आला, बस येईपर्यंत उभा राहिला.

बसमध्ये विचार करत होते — इतका कसा चांगला वागला? त्याच्या जागी मी काय केलं असतं? काहीतरी ठेवून बोलत होता का? मग स्वतःचीच लाज वाटली. भाकरी खाऊन आले त्याच्या घरची, आणि तरी हेच!

१९ फेब्रुवारी

काकांना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, तो आला की मी सगळ्यांसमोर पाया पडतो त्याच्या.

२१ फेब्रुवारी, बुधवार

फोन आला. म्हणाला, तुम्ही घरात पाहुण्या होतात म्हणून बोललो नाही, शुक्रीसमोर बोलताही आलं नसतं.

मागच्या मेमध्ये सर्वेवाले त्याच्याकडे गेले होते. वाढवणच्या लोकांनी पाण्यात फेकलेल्या वहीबद्दल त्यांनी ऐकलं होतं. त्याने पक्की वही त्यांना दिली. पैसे नाही घेतले. आता त्या वहीतले रिकामे दिवस मोजून ते लिहिणार आहेत, की ह्या खडकांत मासा नाही.

मी विचारलं, का दिलीत?

"मी त्यांचा माणूस नव्हतो, ताई. तुम्ही मला त्यांचा ठरवलंत."