बोचकं पालथं पडलं त्याची खरी हकीकत

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकून करायला हवा हे कळतं, पण मांडीवर बोचकं झोपलंय आणि मी जरा हलले की त्याला जाग येते. तेव्हा मी वाकले असं समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वर वारा फार असेल तर कानाला काहीतरी बांधत जा. मला लहानपणी जबरदस्तीने कानटोपी घालायची आणि स्वतः उघड्या डोक्याने हिंडायचं, ही तुझी सवय त्या डोंगरावर जाऊन सुटली असेल असं मला मुळीच वाटत नाही. इकडे सगळे खुशाल. बोचकं खुशाल आहे, त्याचे बाबा म्हणजे आमचे लिफ्टवाले खुशाल आहेत, आणि मीसुद्धा आहे.

तुझं मागचं पत्र पोचलं. 'पत्र मिळालं. बाळ बरं असेल. इकडे वारा आहे.' संपलं! ताई, वेधशाळेत बसून आभाळाची नोंद करणं हे तुझं काम आहे, मान्य. पण सख्ख्या बहिणीच्या पहिल्या बाळाबद्दलही हवामानाच्या बातमीसारखं लिहायचं म्हणजे कमाल झाली. फोनचीही तीच तऱ्हा. सामान न्यायला पंधरवड्यातून एकदा खालच्या ठाण्यावर उतरतेस, तेव्हा कुठे रेंज येते, आणि मग काय बोलतेस? तर सगळं ठीक ना, बरं ठेवते, मागे रांग आहे. मला त्या रांगेतल्या एकाचाही खोकला कधी ऐकू आलेला नाही. नुसता वारा ऐकू येतो.

तुझी तिथली मुदत संपत आलीय आणि आणखी एक वर्ष राहणार की खाली येणार, हे या महिनाअखेर साहेबांना कळवायचंय, असं तूच म्हणाली होतीस. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही काढणार नाही. तो सर्वस्वी तुझा प्रश्न आहे. बोचक्याला तू अजून पाहिलेलं नाहीस याचाही उल्लेख करणार नाही. मी आपली बातम्या सांगायला लिहितेय. (मुख्य गोष्ट मी नेहमी शेवटी दाराशी चपला घालताना सांगते असं तू म्हणायचीस. आता मी मोठी झाले आहे. आता तसं काही करत नाही.)

तर बातमी अशी, की बोचकं पालथं पडलं. दोनदा पडलं. एकदा खोटं आणि एकदा खरं. खोटं सगळ्या जगाने पाहिलं.

हे समजायला तुला आमचा गट माहीत हवा. मागे फोनवर मी त्याचं नाव सांगितलं होतं, तेव्हा तू हूं म्हणून विषय बदललास. डॉक्टरांनी मला जो महिना दिला होता, त्याच महिन्यात बाळं व्हायची होती अशा बायकांचा तो फोनवरचा गट आहे. कोण कुठली, दिसते कशी, कुणाला ठाऊक नाही. बाळं मात्र सगळ्यांची तोंडपाठ. आता आमच्या घरात वेळेवर काही होत नाही हे तू जाणतेसच. बोचक्यानेही डॉक्टरांचा शब्द मोडला आणि पुढच्या महिन्यात आरामात आलं. त्यामुळे गटातली सगळी बाळं पुढे, आणि आमचं आपलं शाळा सुरू झाल्यावर नाव घातलेल्या पोरासारखं मागच्या बाकावर. त्यांची हसायला लागली तेव्हा हे नुसतं शिंकत होतं.

पण माणसं सोन्यासारखी आहेत गं. त्यांची एक पद्धत आहे. कुणीही बाळाबद्दल काहीही लिहिलं, ताप असो की पहिला दात, तरी पहिलं उत्तर ठरलेलं: तू जेवलीस का? आधी ते, मग बाळाचं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं की बाळ दूध पीत नाही आणि मला काही जमत नाही. त्यावर लागोपाठ सगळ्यांनी विचारलं, तू जेवलीस का. ताई, मी फोन बाजूला ठेवून हमसून हमसून रडले. आमचे लिफ्टवाले घाबरून विचारायला लागले की गटातलं कुणी गेलं का. त्यांना काय सांगणार? आई गेल्यापासून हा प्रश्न मला एकच माणूस विचारत आलंय, आणि ते माणूस डोंगरावर ढग मोजत बसलंय.

गटातल्या सगळ्यांची ओळख करून देत नाही, कागद पुरायचा नाही. जुळ्यांची आई आहे, ती एकाच हाताने लिहिते म्हणून तिला पूर्णविराम परवडत नाही. एक मास्तरीणबाई आहेत, त्या आपल्या बाळाच्या शीवरसुद्धा शेरा देतात. आणि एक ढगवाली आहे. हे नाव आम्हीच पाडलं. ती मधेच दोन-दोन आठवडे गायब होते, मग एका दुपारी उगवून साचलेल्या सगळ्या गोष्टींना एका दमात उत्तरं देते. दात येऊन गेलेल्या बाळाच्या हिरड्यांवर उपाय सांगते, बरा झालेला खोकला पुन्हा बरा करते. आणि कुणी फोटो टाकला की बाळाकडे बघायच्या आधी मागच्या खिडकीतल्या आभाळाकडे बघते. विचित्र बाई आहे, पण मायाळू.

असो. गटातली बाळं एकामागून एक पालथी पडायला लागली. रोज एक नवा व्हिडिओ. मी प्रत्येकीला वा वा लिहायची आणि वळून बघायची, तर आमचं ध्यान उताणं पडून पंख्याकडे बघतंय. शेवटी गटात विचारलं. कुणी म्हणालं खुळखुळा बाजूला धर, कुणी म्हणालं तू स्वतः शेजारी लोळून दाखव. मी अख्खी दुपार लोळून दाखवलं. बोचक्याने करमणूक म्हणून पाहिलं आणि झोपून गेलं.

ही काळजी मी संध्याकाळी लिफ्टवाल्यांच्या कानावर घातली, हीच चूक झाली. ते कामाच्या पिशवीतून ती पट्टी घेऊन आले, काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती. आमच्या खोलीभर ती पट्टी ठेवत रांगले (घरात पहिलं रांगणारं माणूस ते) आणि निकाल दिला की बाळाचा काही दोष नाही, जमीनच भिंतीकडे उतरती आहे. बिचाऱ्याला पालथं पडायचं म्हणजे चढ चढावा लागतोय. लिफ्ट मजल्याशी केसभर जरी वरखाली थांबली तरी माणूस ठेचकाळतो, इथे तर बोटभर फरक आहे, असं म्हणून त्यांनी गादीखाली एक फळी घातली आणि फळीखाली एका बाजूला लाकडाचे तुकडे सारले. मापाने सारले असते तर प्रश्न नव्हता. पण बाप झाल्यापासून हा माणूस सगळ्यात थोडं जास्तीचं घालतो.

सुट्टीच्या दिवशी मी फोन त्याच फळीवर उशीला टेकवून उभा केला, बोचक्याला गादीवर ठेवलं, खुळखुळा वाजवला. बोचकं एका कुशीवर झालं, जरासं थांबलं आणि पुढच्या क्षणी पडलं की गं पालथं! नुसतं पालथं नाही, पालथं पडून पुन्हा उताणं आणि थेट उशीत. आम्ही दोघं नाचलो. मी तसाच व्हिडिओ गटात टाकला. हृदयांचा नुसता पाऊस. मास्तरीणबाईंनी चक्क पैकीच्या पैकी दिले.

मग जुळ्यांच्या आईचा निरोप आला: अगं तुझं कपाट कलंडतंय बाळाला उचल आधी बाळाला उचल. झालं! सगळ्यांना दिसलं. कपाट कललेलं, दार कललेलं, पडदे भिंतीला सोडून निघालेले. कुणी म्हणालं भूकंप आहे, बाहेर पळ. आमचे लिफ्टवाले खरोखरच धावत जाऊन कपाट धरून उभे राहिले. मला उलगडायला पाच मिनिटं लागली की कपाट सरळ आहे, फोन तिरका आहे, कारण फळी तिरकी आहे, आणि फळी तिरकी आहे म्हणूनच बोचकं पडलं. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे नंबर काढते, खालची ओळ वाचा म्हणते, आणि स्वतःच्या घरातली घसरगुंडी मला दिसली नाही.

गटात सगळं कबूल केलं. वाटलं आता हसतील. हसल्याच, पण कशा, तर उतारावरचं पालथं पडणंही धरायचं असं त्यांनी एकमताने ठरवलं. मास्तरीणबाईंनी निम्मे गुण कापले आणि धीराबद्दल काही परत दिले. ढगवालीचं उत्तर पंधरवड्याने आलं. तिने लिहिलं होतं: खिडकीत दिसणारे ढग चांगले नाहीत, तासाभरात पाऊस येईल, दुपटी आत घे. जेवलीस का? (तोवर ती दुपटी कितीदा तरी भिजून वाळली होती. पण पाऊस आला होता, ताई. बरोबर तासाभरात आला होता.)

आता खरं पालथं पडणं. फळी काढली, बुडबुडा मधोमध आणला. पुढे काही दिवसांनी, दुपारी, बोचकं सतरंजीवर होतं आणि मी त्याच्या अगदी शेजारी बसून गटात लिहीत होते. कुणाचं तरी बाळ बसायला लागलं होतं, तिला मी मनापासून वा वा लिहीत होते. मान वर केली तर बोचकं पालथं. स्वतःचं स्वतः. डोकं उचलून, हातावर भार देऊन माझ्याकडे बघत होतं. कधी वळलं, कसं वळलं, आधी कुठला हात टाकला, मला काही माहीत नाही. हातभर अंतरावर होतं आणि मी पाहिलं नाही.

मी गटात लिहायला घेतलं. त्यांना आनंदच झाला असता. अर्धं लिहून पुसलं. कारण त्या वेळी मी काय केलं सांगू? स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, ताई, लवकर ये, बघ! तोंडातून निघूनच गेली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

मला सायकल यायला लागली तेव्हा तू दारात उभी होतीस, आठवतं? हाताला साबण होता. वा म्हणाली नाहीस, टाळी वाजवली नाहीस, नुसती बघत राहिलीस. मला तेवढं पुरलं होतं. आता एवढी माणसं वा वा म्हणतात, मला ती सगळी आवडतात, त्यांच्यावाचून माझं चाललं नसतं. तरी दारात कुणी नाही, ताई. मला तुझी फार आठवण येते. एवढं लिहून ठेवते आणि पुढे जाते, नाहीतर अक्षर फिसकटेल.

बाकी सर्व ठीक. उत्तर सवडीने पाठव. वाऱ्याबद्दल लिहिलं नाहीस तरी चालेल, तो असणार हे आम्ही धरून चालतो.

तुझी,
धाकटी

ता. क. लिफ्टवाल्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. ती पट्टी आता खाली ठेवायला तयार नाहीत. जेवणाचं टेबल सरळ केलंय, तेव्हापासून ते डुगडुगतंय. तुमच्या वेधशाळेची जमीन सपाट आहे का, हेही विचारायला सांगितलंय.

ता. क. २. बोचक्याच्या पुरळावर काही उपाय सापडतो का म्हणून काल गटातलं जुनं जुनं वाचत मागे गेले, अगदी मी दवाखान्यात होते त्या दिवसांपर्यंत. गटात नवीन आलेल्या बाईने आपल्या बाळाची ओळख करून द्यायची असते. ढगवालीने त्याच आठवड्यात दिली होती: 'मला एकच मुलगी. वय एकतीस. रडली तरी सांगत नाही. वेळेवर जेवत नाही.' बाकीच्यांना वाटलं बाईचा आकडा चुकला. मला एकतीस कधी पूर्ण झाली ते तुला ठाऊक आहे. फोनवर तुझ्या मागच्या रांगेत कोण असतं तेही आता मला कळलंय: आमचाच गट.

ता. क. ३. गटात मी कुणाला काही सांगितलेलं नाही, तू खुशाल ढगवाली राहा. पण बोचकं आता हातापायांवर उभं राहून झुलायला लागलंय. कुठल्याही दिवशी रांगेल. या वेळी फोन कपाटावर ठेवणार आहे, कपाट सरळ आहे. साहेबांना काय कळवायचं ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही असं वर लिहिलंच आहे, ते खोडून टाक.

ता. क. ४. नाही, जेवले नाही अजून. ये.