शेजारच्यांची प्रकृती

ती. हिसाएताईंस,

धाकट्या जावेचा, म्हणजे तोमिएचा, नमस्कार. यंदाचं शेवटचं वादळ (शेवटचं असावं अशी आशा) येऊन गेलं. आमची काही कौलं शेजारच्या हामासाकींच्या अंगणात मुक्कामाला गेली होती, ती त्यांनी धुऊनपुसून परत आणून दिली आणि "किती जुनी झालीत हो," असं प्रेमाने ऐकवूनही गेले. बाकी सर्व क्षेम. तुमच्या कमरेचं कसं काय? भावजी औषध घेतात, की अजून कुंडीतल्या झाडाला पाजतात? नागासाकीचा तो चढ तुम्ही या वयातही दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढता असं ऐकते. कौतुक आहे. ऐकण्यासारखं आहे, करण्यासारखं नव्हे.

मी रागात आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. कॉन्व्हेंटमध्ये मदर क्लोतिल्द म्हणायच्या की तोमिएला राग आला की तिची अक्षरं उभी राहून भांडतात. (त्यांची स्वतःची अक्षरं कायम गुडघे टेकलेली असत, पण छडी मात्र ताठ असे.) रागाचं कारण म्हणजे आमचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बोटीने येतात, बाकी बेट दोन नर्सांच्या हवाली, हे मी तिथे मोठी नर्स होते तेव्हापासूनचं. वसंतात त्यातली एक लग्न करून सागा शहरात गेली आणि उरली एकटी तागावा कानाए. माझ्याच हाताखाली शिकलेली, गुणी पोर. आता ती उभ्याउभ्या झोपते. परवा दुकानदाराने सुटे पैसे द्यायला हात पुढे केला, तर हिने तो धरून त्याची नाडी मोजली. दुकानदार सभ्य माणूस, मोजून होईपर्यंत गप्प उभा राहिला आणि मग विचारलं, "जगेन ना?"

रिकामी जागा भरा म्हणून मी नगर कार्यालयाला इतकी पत्रं लिहिली की तिथला कारकून मला नववर्षाचं शुभेच्छापत्र पाठवायला लागला. शेवटी उत्तर आलं. विद्यापीठातर्फे दूरच्या बेटांवरचे आरोग्यसेवक आणि लोकांचं आरोग्य यांची पाहणी होणार आहे. तीत गरज दिसली तर जागा भरू, नाही दिसली तर ती कायमची रद्द. म्हणजे कानाए एकटीच, ती कोसळेपर्यंत. मी म्हटलं, गरज न दिसायला माणूस आंधळाच हवा. देवाने माझं बोलणं मनावर घेतलं आणि कुझेसाहेबांना पाठवलं.

कुझेसाहेब चाळिशीचे, सूट घातलेले, स्वभावाने गरीब. बोटीतून उतरले ते दुधी भोपळ्याच्या रंगाचे होऊन. कानाएने त्यांना धक्क्यावरच आडवं केलं, औषध दिलं, डोक्याखाली स्वतःची पिशवी ठेवली. आणि या गृहस्थांनी आडव्याआडव्याच पाहणीला सुरुवात केली! तुमच्यावर कामाचा ताण फार आहे का, असं तिलाच विचारलं. ती काय म्हणाली असेल? "दाइजोबू."

ताई, या शब्दावर सरकारने बंदी घालावी. ताप आहे का? दाइजोबू, म्हणजे ठीक आहे. चहा घेता का? दाइजोबू, म्हणजे नको. खरंच नको का? दाइजोबू, म्हणजे आणा. घराला आग लागली तरी आपण खिडकीतून वाकून दाइजोबू म्हणू आणि धुराचा त्रास झाल्याबद्दल गल्लीची माफी मागू.

कागदावर तर त्याहून वाईट. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, एका टोकाला 'अगदी बरोबर', दुसऱ्या टोकाला 'अगदी चूक' आणि मधोमध 'नक्की सांगता येत नाही'. साऱ्या बेटाची खूण मधल्या चौकोनात. आमच्या गावात तेवढा गर्दीचा चौक दुसरा नाही. एका बाईने तर स्वतःच्या वयापुढेही 'नक्की सांगता येत नाही' लिहिलं. (ती माझ्या वर्गात होती. मला नक्की सांगता येतं.)

कुझेसाहेबांना घरं दाखवायला मी बरोबर जात होते. म्हाताऱ्या देगुचींकडे गेलो तर कानाए ओसरीवर बसून त्यांच्या पायाला पट्टी बांधत होती. कुझेसाहेबांनी विचारलं, "घरी नर्स येण्याची गरज वाटते का?"

"छे छे, दाइजोबू," देगुची म्हणाले. "उगाच कुणाला कशाला त्रास?" आणि दुसरा पाय कानाएच्या मांडीवर ठेवला.

कुझेसाहेबांनी 'गरज नाही' लिहिलं. मी म्हटलं, "अहो साहेब, डोळे बोटीतच राहिले का?"

"बाई, डोळ्यांनी दिसलेल्यासाठी रकाना नाही."

"मग निदान तीनदा विचारा. पहिल्यांदा विचारल्यावर इथे कुणी देवाचा प्रसादसुद्धा घेत नाही."

"तीनदा विचारून मिळालेलं उत्तर त्यांचं नव्हे, माझं झालं."

"आत्ता तुम्ही दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा चहा प्यालात. तो कुणाच्या पोटात गेला?"

त्यांचे कान लाल झाले, पण लिहिलेलं त्यांनी खोडलं नाही. नियम म्हणजे नियम. अशा माणसाला शिव्याही देता येत नाहीत, हा त्यातला खरा जाच.

मग कानाएला गाठलं. तिने स्वतःच्या कागदावर थकव्यापुढे 'अगदी नाही' अशी खूण केली होती. मी झाडलं तर म्हणाली, "बाई, जोडीला कुणी मागितलं तर हिच्याने होत नाही असं होईल. डॉक्टरांनाही वाईट वाटेल."

"डॉक्टरांना काय वाटायचंय? ते बोटीत झोपून येतात आणि झोपून जातात!"

ती हसली. हसताहसता तिचे डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडायची मी वाट बघत राहिले. ताई, तेव्हा मला राग नाही आला. भीती वाटली.

रविवारी मी चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले, कुझेसाहेबांबद्दल मनात आलेले शब्द उतरवून टाकायला. (दोन-तीन ठेवून घेतले, लागतील म्हणून.) फादर नाकाता जाळीपलीकडून उसासा टाकून म्हणाले, "तोमिएबाई, निदान तुम्ही स्वतःचं पाप सांगता. बाकीचे येतात, शेजाऱ्याची पापं सांगतात आणि स्वतःसाठी क्षमा घेऊन जातात." नाव त्यांनी कुणाचं घेतलं नाही, सगळ्यांचंच घ्यावं लागलं असतं. मला प्रायश्चित्त काय दिलं ते आठवत नाही, कारण मी तिथून धावतच सुटले.

कुझेसाहेब न्याहारी करत होते. मी म्हटलं, "कसे आहात असं कुणालाही विचारू नका. शेजारचे कसे आहेत ते विचारा!" ते म्हणाले, प्रश्न बदलता येत नाहीत. मी म्हटलं, बदलू नका, वेगळा कागद जोडा. त्यांनी प्राध्यापकांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं की जोडा, आणि ही कल्पना काढणाऱ्या बाईंचं शिक्षण काय तेही विचारा. (कॉन्व्हेंट, म्हणावं.)

आणि ताई, धरणच फुटलं! देगुची म्हणाले, "माझं सोडा हो, ती पलीकडची फुजिनो! रक्तदाबाच्या गोळ्या कोंबड्यांना घालते. कोंबड्या शांत झाल्यात, बाई नाही." फुजिनो म्हणाली, "मी ठणठणीत. पण देगुचींकडे रोज कुणीतरी जायला हवं, दारूची बाटली तांदळाच्या डब्यात असते, आणि ते भात फार मनापासून शिजवतात." कुझेसाहेबांचे कागद संपले, तेव्हा ते बोटीच्या वेळापत्रकाच्या पाठीमागे लिहू लागले. प्रत्येकाच्या सांगण्यावरून तो एकटा सोडून सगळं बेट मरणपंथाला लागलेलं होतं.

कानाएला मात्र दवाखान्यात शेजारीण नाही, हीच तर तक्रार. म्हणून मी तिच्याबद्दल सगळ्यांना विचारायला लावलं. तेव्हा देगुचींनी ओसरीवर दुसरा पाय पुढे करून दाखवला. मग म्हणाले, "साहेब, माझ्या दुसऱ्या पायाला काही झालेलं नाही. पण तो पुढे केला की पोर आणखी थोडी बसते. उठली की पडेल असं वाटतं." फुजिनो गोळ्या 'हरवल्या' म्हणून तिला मुद्दाम बोलावते आणि आधी सूप पाजते. घरोघरी तेच. आम्हाला कुणी नको, त्या पोरीला कुणीतरी द्या. पाच चौकोनांत हे कुठे बसवायचं ते कुझेसाहेबांना कळेना. त्यांनी ते शब्दच्या शब्द उतरवून घेतलं आणि चष्मा पुसला. (समुद्राची हवा खारट असते, असं ते म्हणाले.)

पंधरवड्यापूर्वी नगर कार्यालयाचं पत्र आलं. जागा भरायला मंजुरी मिळाली. मी कानाएला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "इतकं कशाला करायचं, बाई," आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या बसायच्या उशीवर डोकं टेकून जी झोपली ती भात होईपर्यंत उठली नाही.

सोबत रताळ्याच्या वड्या पाठवत आहे. भावजींना नमस्कार. कुंडीतल्या झाडालाही.

आपली,
तोमिए

ता. क. जागा मंजूर झाली, पण अर्ज एकही आलेला नाही. बेटावर यायला कोण तयार होणार? तुमची नात, आपली अकिहो, फुकुओकाच्या मोठ्या इस्पितळात नर्स आहे, एवढंच सहज आठवलं.

आणखी ता. क. तुम्ही म्हणाल, अकिहो तिथे मजेत आहे, दर फोनवर तसं सांगते. माहीत आहे. म्हणूनच मी तिला विचारलं नाही. तिच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारलं. (अडीअडचणीला म्हणून नंबर तुम्हीच दिला होतात.) ती मुलगी स्वतःबद्दल 'अगदी छान' म्हणाली. पण अकिहो पाळीवरून आली की बूट न काढता दारातच बसून राहते, आणि मग नळ फार वेळ चालू असतो. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका. इथे काम कमी नाही, ताई, पण इथे दोघी असतील.

शेवटचं. कुझेसाहेबांच्या तोंडून निसटलं की शेजारच्यांबद्दलच्या कागदांवर सर्वांत जास्त वेळा माझं नाव आलं आहे. एकटी राहते, वादळानंतर स्वतः शिडीवर चढते आणि उतरताना मध्येच थांबून देवाला हाका मारते, असं काहीबाही. नव्या नर्सची पहिली फेरी म्हणे माझ्याच घरी. धादांत खोटं आहे. तरी परक्या मुलीपुढे दंड उघडा करून बसण्यापेक्षा आपली अकिहो बरी. मी ठणठणीत आहे. खात्री करायची असेल तर मलाच विचारावं.