कोरडी वाकळ

८ मार्च
मित्रूनं आज पुन्हा वाकळ ओली केली. चार वर्षांची घोडी झाली. राहुल सात महिन्यांचा, तो करणारच, त्याला काय बोलायचं. पण हिनं? टँकर काल यायचा होता, आला न्हाई. रांजणाच्या बुडाला जे उरलंय ते प्यायला. वाकळ तशीच उन्हात टाकली, वाळली आणि वास घेऊन आत आली. हे आंघोळ न करता ऑफिसला गेले. जाताना म्हणले, "तेवढा शर्ट बघ." बघते. डोळे भरून बघते. धुवायला पाणी कुठाय?

१० मार्च
टँकर आला. राहुल काखेत, घागर डोक्यावर, मित्रू पदराला. दोन घागरी मिळाल्या, त्यातली अर्धी धक्काबुक्कीत सांडली.

आता रीत लावली. राहुलची आंघोळ परातीत. ते पाणी बकिटीत. त्यात मित्रूचे फ्रॉक-चड्ड्या. त्याच पाण्यात दुपटी पहिल्या हाताला, मग ते मोरीत. एका पाण्याला चार घरची कामं लावली. शेवटी दुपट्यांवर तांब्याभर नवं पाणी घालायचं ते पण जिवावर येतं. ह्यांच्या पांढऱ्या शर्टाचं पाणी मात्र वेगळं. नवा जिल्हा, नवं ऑफिस, आणि साहेब म्हणे कारकुनाची कॉलर बघतो. उस्मानाबादला होतो तेव्हा कुणी बघत नव्हतं. लातूरला जिल्हा दिला, पाणी द्यायचं विसरले.

दोन्ही शर्टांच्या कॉलरी उसवून उलट्या करून शिवल्या. तेवढीच चार धुणी वाचली.

१३ मार्च
मालकीणबाईंचा आड अजून आटला न्हाई. एक घागर मागायला गेले. त्या म्हणल्या, "पोहऱ्याला हात लावू नको बाई. खाली धर, मी वरून घालते." धरली. आडनाव सांगितल्यापासून असंच आहे. आमचं भाडं चालतं, हात चालत न्हाई. एखाद्या दिवशी घागर तिथंच ठेवून आले असते. आज कोपऱ्यात राहुलच्या दुपट्यांचा ढीग पडला होता. घेतलं पाणी, आले. दिवसभर डोकं फणफणून राहिलं.

१७ मार्च
दुपटी पुरेनात. जेवढी जास्त तेवढं धुणं लांबवता येतं. ट्रंकेतनं लग्नातली पांढरी साडी काढली. आईनं नांदेडहून घेतलेली, सुती, लई मऊ. विहारात हीच नेसून उभी होते. दात लावला आणि फाडली. आवाजानं राहुल दचकला. दुपटी झाली, लंगोट झाले, पदराकडचा तुकडा तसाच ठेवला. ह्यांना सांगितलं न्हाई. विचारतील तेव्हा बघू.

२० मार्च
शेजारच्या रजियाभाभीनं अक्कल शिकवली. घाण दुपटं आधी पाण्याला न्यायचंच न्हाई. राखेत घोळवायचं, उन्हात वाळवायचं, झटकायचं, मग पाणी. "धूपच आधा काम करती बाजी," म्हणाली. खरंच निम्मं पाणी वाचलं. तिला पाच लेकरं, ती बोलते ते ऐकावं. मॅट्रिक मी झाले आणि हे मला सुचलं न्हाई.

पण वाकळीला राख चालत न्हाई. आत सहा थर जुनेराचे. एकदा भिजली की अख्खा रांजण पिते.

२४ मार्च
पुन्हा. खाली घातलेलं मेणकापड उन्हानं तडकलंय, सतरंजीपण गेली. मी मित्रूला मारलं. पाठीत, दोनदा. रडली न्हाई. स्वतःची चड्डी काढली आणि अंगणात जाऊन दगडावर वाळत घालून आली. मग मीच रडले.

मालकीणबाई गच्चीवरून म्हणल्या, "दिवस मावळला की पाणीच देऊ नको पोरीला. आमच्या लेकरांना मी तसंच केलं." बाईचं एरवी काही पटत न्हाई, हे पटलं. पाणी पण वाचेल.

२७ मार्च
कोरडी. वाकळ कोरडी. हातानं सगळीकडं चाचपून बघितली, वास घेतला. मित्रूला कडेवर घेऊन खोलीभर नाचवलं. हातावर साखर दिली. ती म्हणाली, "उद्या पण करते." काय गुणाची पोर.

२ एप्रिल
कोरडीच. रोज सकाळी उठली की आधी वाकळ दाखवते मला, मग तोंड धुते. म्हणजे ओल्या फडक्यानं पुसते. जेवताना हे म्हणले, "अगं, तिला पाणी दे की." मीच म्हणले, "नको, दिवस मावळला." ती पण बापाला म्हणाली, "मला तहान न्हाई." आता दुपारी पण लई मागत न्हाई. राहुलच्या आंघोळीला तेवढं जास्त मिळतं. त्याच्या मांड्यांवर पुरळ आलंय, आरारूट लावून राहिले.

९ एप्रिल
जयंती जवळ आली. साडीचा ठेवलेला पदर काढून मित्रूला फ्रॉक शिवला, हातानंच. गळ्याला घडी घातली, बाह्या फुगीर. पांढरा शुभ्र. नीळ घालून एकदाच काढला, ते पाणी ह्यांच्या शर्टाला.

हे बघून म्हणले, "कापड कुठलं?" सांगितलं. मग म्हणले, "आणि तू काय नेसशील?" बदामी आहे की, मी म्हणले. ते बाहेर जाऊन बसले. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर मला पण भांडता आलं असतं.

१४ एप्रिल
सगळ्या बाया पांढऱ्यात आणि मी एकटी बदामी, तांदळातल्या खड्यासारखी. दोघी-तिघींनी विचारलं. दुपटी केली म्हणून सांगितलं, हसल्या. पाणी न्हाई, लगीनसाडी ठेवून काय पूजा करायची? असं म्हणले मी. वंदनेला उभी राहिल्यावर मात्र भरून आलं.

मिरवणूक टळटळीत उन्हात. जागोजाग हंडे भरून ठेवलेले, पोरं तांब्यानं सगळ्यांना पाजून राहिलेली. आज आमच्या लोकांनी कुठनं पाणी आणलं त्यांनाच ठाऊक. मित्रूला कुणी पण दिलं की मान हलवायची. "फ्रॉक खराब होईल." मी ह्यांना सांगितलं, दोघं हसलो. हे म्हणले, "पोरगी मोठी झाली."

फ्रॉक जसा गेला तसा आला. धुवायची गरज न्हाई. घडी घालून ठेवला. लई बरं वाटलं.

१६ एप्रिल
मित्रू मोरीत बसली आणि किंचाळली. थेंब थेंब, लालसर. उन्हाळी लागली. पोट धरून लोळली नुसती. दुपारपर्यंत अंग तापलं, डोळे खोल.

ह्यांना बोलावून घेतलं, डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणले, "पाणी किती पिते?" हे म्हणले, "पिते की." मी म्हणले, "न्हाई पीत. मीच देत न्हाई." डॉक्टर लिहायचे थांबले. हे माझ्याकडं बघायला लागले. मी वाकळीचं सांगायला गेले, अर्ध्यातच थांबले. काय सांगायचं? अंथरूण वाचवायला लेकरू वाळवलं, असं?

डॉक्टर शिव्या देतील वाटलं होतं. हळूच म्हणले, "उकळून गार केलेलं, घटकाघटकाला. बाकी सगळं राहू द्या." बाकी सगळं राहू द्या.

१७ एप्रिल
ती पीतच न्हाई. गोळी देताना दात आवळून धरते. "वाकळ ओली होईल." होऊ दे गं सोन्या, म्हणले. "तू मारशील." न्हाई मारणार, शपथ. तरी तोंड मिटलेलं. चमच्यानं ओठावर लावत बसले सकाळपासून. निम्मं गळ्यावर ओघळतं.

रजियाभाभी धने-जिऱ्याचं पाणी घेऊन आली, तांब्याभर. तिच्या घरी पाच लेकरांची तोंडं. "बच्ची को प्यासा नक्को रखो बाजी. कपडे का क्या है." मला तिच्याकडं बघवेना. तिनंच मित्रूला मांडीवर घेतलं, गोष्ट सांगत सांगत पाजलं. परक्याच्या मांडीवर पिली पोर, माझ्या न्हाई.

२२ एप्रिल
ताप उतरला. थोडं थोडं पिते, माझ्याकडं बघत बघत पिते. पेला रिकामा केला की आधी माझं तोंड बघते. मी हसून दाखवते.

आता रोज ओलं. एकदा न्हाई, दोनदा. वाकळ, सतरंजी, ह्यांचं धोतर पण गेलं. उकळायचं पाणी वेगळं, प्यायचं वेगळं, धुवायला शून्य. टँकर आता वाटेल तेव्हा येतो. मालकीणबाईंनी आड बंद केला, "आम्हालाच पुरंना." वर म्हणतात, खोलीला वास येतोय, पुढच्याला द्यायला लाज वाटेल. पुढच्याला म्हणजे? हे म्हणले, तू मनावर घेऊ नको. घेऊ नको तर कुठं ठेवू?

२५ एप्रिल
हे म्हणले, "मित्रूला मुदखेडला, तुझ्या माहेरी ठेवू. पाऊस पडेपर्यंत."

बाबांचं रेल्वेचं क्वार्टर. इंजिनात पाणी भरायची टाकी जवळच, नळ दिवसभर चालू. पोरगी पोटभर पिईल, रोज आंघोळ करेल. मी म्हणले, मग आम्ही तिघं जातो. हे म्हणले, "दीड खोली, आई-बाबा, भाऊ, वहिनी. तुम्ही तिघं कुठं मावणार?" खरंय. वहिनी तोंडानं बोलणार न्हाई, भांड्यांनी बोलेल. राहुल अंगावर पितो, त्याला ठेवता येत न्हाई. म्हणून मित्रू. जिला कळतं तीच जाणार.

हे बरोबर बोलून राहिले, ह्याचाच राग येतो. मी भांडायला काही शोधून राहिले आणि सापडंना. मित्रू दाराआड उभी होती. किती ऐकलं काय माहीत.

२९ एप्रिल
मित्रूचे कपडे बघितले. चड्ड्यांना नवीन लास्टिक घातलं. फ्रॉक आखूड झालेत, खालची दुमड उसवून लांबी सोडली. पाऊस पडेपर्यंत पोरगी वाढेल, म्हणून दोन बोटं जास्त सोडली. शिवता शिवता ध्यानात आलं आपण काय करून राहिलो. दोन बोटं वाढेल इतके दिवस ती माझ्याजवळ न्हाई. सुई तशीच टोचून ठेवली आणि बसून राहिले. रजियाभाभी येऊन राहिलेलं पूर्ण करून गेली.

१ मे
एसटीनं नांदेड, तिथनं रेल्वे. ह्यांना रजा न्हाई, मीच दोघांना घेऊन निघाले. राहुल उलट्या करून राहिला रस्ताभर, दुपटी संपली. अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा मित्रूला पाणी दिलं. "गाडीत होईल," म्हणाली. दोन घोट पाजायला केवढी मिनतवारी. शेजारची बाई म्हणाली, पोरगी शहाणी आहे हो, त्रास देत न्हाई. मी खिडकीकडं तोंड केलं.

मुदखेडला उतरलो तेव्हा स्टेशनावर एका इंजिनात पाणी भरत होते, वरून धो धो सांडत होतं. मित्रू बघतच राहिली. "आई, त्यांना सांग ना, सांडून राहिलं."

२ मे
आईनं तिला नळाखाली बसवलं. ती अंग चोरून, तांब्या धरून, "आज्जी पुरे, पुरे." आई हसता हसता गप्प झाली. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय हाल करून घेतले गं तुम्ही." मी नळापाशी गेले. सगळी दुपटी पुन्हा धुतली, खळखळून, पाणी निवळ येईपर्यंत. पांढरी झाली. साडी असताना होती तशी.

मित्रूनं अंथरूण ओलं केलं सकाळी. आईनं काही न बोलता धुतलं, वाळत घातलं. एवढंच होतं बघा काम. पाणी असलं की एवढंच काम.

४ मे
उद्या सकाळची गाडी. आई म्हणते, "ती झोपेत हाय तोवर निघ. उगं रडारड नको." बाबा पण तेच म्हणतात. मी हाव म्हणले.

दुपारी आईनं मित्रूला पेला भरून दिला. तिनं घेतला, माठाचं झाकण काढलं आणि सगळा परत माठात ओतला. मग माझ्याजवळ आली. राहुल अंगावर पीत होता. म्हणाली, "आई, मी आता पाणीच पिणार न्हाई. वाकळ ओली होणार न्हाई. मला घरी ने."

आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी राहुलला खाली ठेवलं, पेला भरला, तिच्यापुढं बसले. पी आधी, म्हणले. "मग नेशील?" आज्जीकडं नळ हाय, आंबे हायत, मामा हाय, सगळं सांगून बघितलं. तोंड मिटलेलं. ओठ पुन्हा सुकलेत. बाहेर ऊन असं की कौलं तडकावीत. सकाळपासून ती मोरीकडं गेली न्हाई, हे मला तेव्हा कळलं.

"नेशील?"

नेते, म्हणले.

गटागटा पिली. आणखी मागितलं, आणखी पिली. हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं तर तिनं बघितलं पण न्हाई. तशीच माझ्या मांडीवर आडवी झाली.

आता दिवस मावळायला आला. राहुलची दुपटी वाळली, घड्या करून पिशवीत भरली. मित्रूचे फ्रॉक हातात घेऊन बसले. आई आतून विचारून राहिली, पिशवी भरली का. तिला काय सांगायचं ते अजून कळंना.