न मोडलेले खांब

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा कसा आहे? एक काम आहे तुझ्याकडे. आमच्या ऑफिसात मशिन लर्निंगचा घाट घातलाय. पुलाखालच्या पाइलला, म्हणजे जमिनीत गाडलेल्या खांबाला, पाण्याने नाहीतर वाऱ्याने बाजूने रेटा दिला की तो किती कलेल, हे मशिन आधीच सांगणार. पण त्याला शिकवायला खऱ्या चाचण्या लागतात, आणि त्या तुमच्या चाचणी विभागात ढिगाने पडल्यात. पाठवशील? तुझंही काम हलकं होईल.

लोभ आहेच, जरा वाढव.
तुझा,
ढब्बू

११ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी. आकडे पाठवलेत. लहानपणी माझ्या वह्यांतून गृहपाठ उतरवायचास, आता मशिनला उतरवायला लाव!

एक लक्षात ठेव. आम्ही जॅक लावून खांब ठरलेल्या भारापर्यंतच ढकलतो आणि थांबतो. मोडेपर्यंत कोण ढकलू देईल? त्याच खांबावर पुढे पूल उभा राहायचा असतो. म्हणजे तुझ्या मशिनला नुसते पास झालेलेच दिसणार. मोडणारा खांब कसा वागतो, हे त्याच्या गावीही नसेल. आणि चिखलातले खांब तर यात जवळजवळ नाहीतच.

वेळेवर जेवत जा. मायेत कपात नाही.
ताई

२० जून

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

आमचा चाचणी विभाग बंद झाला. साहेबांनी पडद्यावर तुमचे आलेख दाखवले. माझेच होते, फक्त रंग बदललेले. एका फोटोत तर खांबाला टेकलेला माझा हात. म्हणाले, तुमच्या भावानेच लेखी दिलंय, आता चाचण्यांची गरज नाही. मी म्हटलं, वा, घरचाच आहे तो. काम हलकं होईल म्हणालास, शब्दाला जागलास हो.

आईला सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघते आणि बागेत बसून खाते.

माझी नोकरी गेली ती गेली. पण तुमचा खाडीवरचा नवा पूल चिखलातच उभा राहणार ना? मंजुरीच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हण, की मशिनला चिखल माहीत नाही, आधी एक खांब मोडेपर्यंत ढकलून बघा. एवढं केलंस तर बाकीचं मी गिळेन.

ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मीटिंग झाली. आलेख देखणे दिसत होते. आमच्या साहेबांनी विचारलं, कुणाला काही शंका? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्यायलो.

खांबांना मंजुरी मिळाली. मला बढती मिळाली. आईला तेवढंच सांग, ती खूश होईल. पूल झाला की तुम्हाला माझ्याकडे यायला अर्धा तास पुरेल, असं सगळे म्हणतात.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा,
ढब्बू

ता. क. पूल झाला तरी आईला घेऊन येताना खाडीला वळसा घालून, जुन्या रस्त्यानेच ये.